प्रश्नोत्तरे : वाचनालयाची नोंदवही आणि एसक्यूएल

डेटाबेस (संगणकातला माहितीचा सुसूत्र साठा) आणि एसक्यूएल (त्या साठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा) यांविषयी आलेली या वेळची पत्रे बहुतेक नवशिक्या वाचकांची आहेत. त्यांतले पहिले पत्र इतके नेमके आहे की उरलेल्या प्रश्नांची उत्तरेही त्याच पत्रातल्या वाचनालयाचे उदाहरण धरून देण्याचे मी ठरवले. एक गोष्ट आधीच सांगतो. एसक्यूएलच्या आज्ञांचे शब्द संगणकावर रोमन लिपीतच टंकावे लागतात. इथे ते उच्चाराप्रमाणे नागरीत छापले आहेत. तक्त्यांची आणि स्तंभांची नावे मात्र प्रचलित डेटाबेसांत खरोखरच नागरीत ठेवता येतात, आणि घरगुती कामासाठी तशी ठेवायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयात सुमारे नऊ हजार ग्रंथ आणि चारशे सभासद आहेत. ग्रंथांची माहिती, सभासदांची माहिती आणि रोजची देवघेव हे सर्व आम्ही एकाच एक्सेल शीटमध्ये ठेवतो. ओळी आता वीस हजारांच्या पुढे गेल्या आहेत. हल्ली एकाच सभासदाचे दोन निरनिराळे मोबाइल क्रमांक दिसतात आणि काही ग्रंथ यादीतून नाहीसेच झाले आहेत. डेटाबेसची खरोखर गरज आहे का, की एक्सेलच नीट वापरावे? (एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा)

उत्तर : वीस हजार ओळी हे डेटाबेसकडे वळण्याचे कारण नाही. एक्सेलच्या आजच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे तुमच्या वाचनालयाला ती मर्यादा बहुधा कधीच भेडसावणार नाही. (मर्यादा विसरल्याने काय होते याचे उदाहरण २०२० साली इंग्लंडमध्ये घडले. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात हे ध्यानात न आल्याने कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी आकडेवारीतून गळाल्या आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध उशिरा सुरू झाला.) तुमचा त्रास ओळींच्या संख्येमुळे होत नसून प्रत्येक ओळ एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टींविषयी बोलते, यामुळे होतो आहे.

तुमच्या शीटमधली एक ओळ घ्या. तिच्यात सभासदाचे नाव, गाव व मोबाइल आहे. पुस्तकाचे शीर्षक, लेखक व किंमत आहे. शिवाय पुस्तक दिल्याची आणि परत आल्याची तारीख आहे. एखाद्या सभासदाने वर्षभरात चाळीस पुस्तके नेली, तर त्याचा मोबाइल क्रमांक चाळीस वेळा लिहिला गेला. त्याने क्रमांक बदलला आणि तुम्ही एकोणचाळीस ओळी दुरुस्त केल्या, तर शीटच्या दृष्टीने दोन्ही क्रमांक सारखेच खरे ठरतात, कारण कोणता खरा हे ठरवण्याचा काहीच आधार तिच्याजवळ नसतो. ग्रंथ नाहीसे होण्याचे कारणही हेच आहे. शीट हलकी व्हावी म्हणून कोणीतरी जुनी देवघेव पुसली असणार, आणि जो ग्रंथ आजवर एकदाच बाहेर गेला होता त्याची एकमेव ओळ त्या नोंदीबरोबर गेली असणार. याउलट काल खरेदी केलेले आणि अजून कोणीच न नेलेले पुस्तक नोंदवायचे, तर सभासदाचे रकाने रिकामे सोडून अर्धवट ओळ लिहावी लागते.

यावर उपाय असा की एका प्रकारच्या वस्तूला एक तक्ता द्यावा आणि प्रत्येक माहिती एकाच जागी एकदाच लिहावी. तुमच्यासाठी चार तक्ते पुरतील. ‘सभासद’ या तक्त्यात सभासद क्रमांक, नाव, गाव आणि मोबाइल असेल. ‘पुस्तके’ या तक्त्यात पुस्तक क्रमांक, शीर्षक, लेखक व प्रकाशक असतील. ‘प्रती’ या तक्त्यात दाखल क्रमांक (वाचनालय प्रत्येक प्रतीला देते तो), तो कोणत्या पुस्तकाचा आहे ते सांगणारा पुस्तक क्रमांक, खरेदीची तारीख आणि किंमत असेल. शेवटी ‘देवघेव’ या तक्त्यात नोंद क्रमांक, दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, दिल्याची तारीख व परतीची तारीख एवढेच असेल. देवघेवीच्या ओळीत सभासदाचे नाव नाही आणि मोबाइलही नाही. त्याचा क्रमांक तेवढा आहे. मोबाइल बदलला की एका तक्त्यातली एक ओळ बदलायची आणि काम संपले.

पुस्तके आणि प्रती वेगळ्या का, असे तुम्ही विचाराल. एकाच कादंबरीच्या तीन प्रती तुमच्याकडे असतील आणि त्यांतली एक जुन्या आवृत्तीची ऐंशी रुपयांची व दुसरी यंदाची तीनशे रुपयांची असेल, तर किंमत ही कादंबरीची माहिती नसून प्रतीची माहिती आहे. लेखक मात्र तिन्ही प्रतींना एकच. कोणता स्तंभ कोणत्या तक्त्यात जावा हे ठरवताना ‘ही माहिती नेमकी कशाविषयी आहे?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा. पाठ्यपुस्तके ज्याला नॉर्मलायझेशन म्हणतात आणि ज्याच्या नावाने विद्यार्थ्यांना घाम फुटतो, त्याचा मोठा भाग एवढाच आहे. लेखकाच्या बाबतीत एक मोह आवरावा लागेल. दोन लेखकांचे पुस्तक आले की ‘लेखक १’, ‘लेखक २’ असे स्तंभ वाढवावेसे वाटतात, मग तीन संपादकांचा ग्रंथ येतो, पाठोपाठ अनुवादक येतात. अशा वेळी लेखकांचा वेगळा तक्ता करावा आणि कोणत्या पुस्तकाशी कोणती व्यक्ती कोणत्या नात्याने जोडलेली आहे हे सांगणारा आणखी एक तक्ता करावा.

प्रत्येक ओळ निर्विवाद ओळखता यावी यासाठी तक्त्यातल्या ज्या स्तंभावर आपण विसंबतो, त्याला प्रायमरी की म्हणतात. मोबाइल क्रमांकाला प्रायमरी की करू नये, कारण एका घरातले तिघे सभासद एकच क्रमांक देतात आणि क्रमांक बदलतोही. दाखल क्रमांक मात्र या कामासाठी आदर्श आहे. तो एकदा दिला की ग्रंथ जीर्ण होऊन बाद झाला तरी दुसऱ्या ग्रंथाला द्यायचा नसतो, आणि हा नियम ग्रंथपालांना आम्हा संगणकवाल्यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. देवघेवीतला सभासद क्रमांक ‘सभासद’ तक्त्यात असलाच पाहिजे, अशी अट घातली की तो स्तंभ फॉरेन की होतो. मग अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावावर पुस्तक देण्याची नोंद डेटाबेस स्वीकारतच नाही, आणि ज्याच्या नावावर देवघेव आहे तो सभासद पुसूही देत नाही. एक्सेलमध्ये ही शिस्त माणसाच्या आठवणीवर चालते. इथे ती तक्त्याच्या रचनेतच असते. म्हणून माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र आधी कागदावर चार तक्ते आखा, त्यांत खरे पन्नास ग्रंथ आणि दहा सभासद हाताने भरून पाहा, आणि मगच संगणक सुरू करा.

प्रश्न : रिलेशनल डेटाबेसमधले (म्हणजे तक्त्यांवर आधारलेल्या डेटाबेसमधले) ‘रिलेशन’ म्हणजे दोन तक्त्यांमधला संबंध, असे आम्हाला वर्गात सांगितले. ते बरोबर आहे का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : हा समज सार्वत्रिक आहे, पण बरोबर नाही. गणितात संचांचा विचार करताना आपण ‘संबंध’ हा शब्द वापरतो. सभासद क्रमांकांचा एक संच, नावांचा एक संच आणि गावांचा एक संच घेतला, तर त्यांतून एकेक घटक उचलून केलेल्या खऱ्या त्रिकुटांचा संच म्हणजे संबंध. मोबाइलचा स्तंभ क्षणभर बाजूला ठेवला, तर आपला ‘सभासद’ हा तक्ता म्हणजे नेमके हेच आहे. अर्थात एकच एकटा तक्ता असला तरी तो रिलेशन असतो. दुसऱ्या तक्त्याशी त्याचे नाते असण्याची गरज नाही.

हा शब्द एडगर कॉड यांनी आणला. ते मूळचे इंग्लंडचे, ऑक्सफर्डला गणित शिकलेले, आणि पुढे कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएम या संगणक कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करणारे. १९७० साली त्यांनी या कल्पनेवरचा निबंध प्रसिद्ध केला. तो का महत्त्वाचा ठरला हे कळण्यासाठी त्याआधीची पद्धत पाहावी लागेल. त्या काळच्या डेटाबेसांत नोंदी एकमेकींना साखळीने किंवा झाडाच्या फांद्यांसारख्या जोडलेल्या असत. आयबीएमचाच आयएमएस हा डेटाबेस अपोलो मोहिमेतल्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्याच्या गरजेतून तसा उभा राहिला होता. माहिती हवी असेल तर या नोंदीवरून त्या नोंदीवर, तिथून पुढच्या नोंदीवर, असा रस्ता प्रोग्रामरने स्वतः आखायचा. आपल्या वाचनालयात सभासदाच्या खाली त्याची पुस्तके लटकवलेली असती, तर ‘या सभासदाकडे कोणती पुस्तके आहेत?’ याचे उत्तर झटकन मिळाले असते, पण ‘हे पुस्तक कोणाकडे आहे?’ यासाठी सगळे सभासद पालथे घालावे लागले असते. साठवणुकीची मांडणी बदलली तर लिहिलेले प्रोग्रामही बदलावे लागत.

कॉड यांचे म्हणणे असे होते की नोंदी कशा साठवल्या आहेत याच्याशी विचारणाऱ्याचा काहीही संबंध नसावा. त्याच्यासमोर फक्त तक्ते असावेत, ओळींच्या क्रमाला काही अर्थ नसावा, आणि एका तक्त्याचे दुसऱ्याशी असलेले नाते लपलेल्या साखळीऐवजी दोन्हीकडे दिसणाऱ्या समान मूल्यांतून व्यक्त व्हावे. आपल्या देवघेवीतला सभासद क्रमांक हे असेच उघड दिसणारे मूल्य आहे, म्हणून वरचे दोन्ही प्रश्न त्याच तक्त्याला सारख्याच सहजतेने विचारता येतात.

आयबीएमचा आयएमएस जोरात विकला जात असल्याने त्या कंपनीला या कल्पनेची घाई नव्हती. तिच्या प्रयोगशाळेत ‘सिस्टम आर’ हा प्रायोगिक डेटाबेस तयार झाला खरा, पण एसक्यूएल वापरणारा डेटाबेस १९७९ साली बाजारात आणला तो एका नवख्या कंपनीने. तिच्या त्या उत्पादनाचे नाव ओरॅकल. कॉड यांना १९८१ साली संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

प्रश्न : शिकण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? महागड्या सर्व्हरची गरज आहे का? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : एसक्यूलाइट घ्या. ते विनामूल्य आहे, संपूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो आणि सर्व्हर लागत नाही. खरे तर ते तुमच्याकडे आधीपासूनच आहे, कारण प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये ते असते. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश फोनवर त्यातच साठवले जातात. त्याच्या दोन खोडी मात्र माहीत असाव्यात. फॉरेन कीची तपासणी त्यात मुळात बंद असते आणि प्रत्येक वेळी डेटाबेस उघडल्यावर ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज = ऑन’ ही आज्ञा देऊन ती सुरू करावी लागते. दुसरे म्हणजे तारखेचा वेगळा प्रकार त्यात नाही, म्हणून तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने लिहावी. तसे केले की अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या तारखा आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. तारखा आणि रकमा भरताना अंक रोमन कळफलकावरचेच वापरावेत, कारण देवनागरी अंकांत लिहिलेली रक्कम डेटाबेसच्या दृष्टीने संख्या नसून नुसता मजकूर असतो आणि तिची बेरीज होत नाही. पुढे एकाच वेळी अनेक संगणकांवरून नोंदी करायची वेळ आली, तर पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मारियाडीबीकडे जावे. तेही विनामूल्य आहेत.

प्रश्न : एका तक्त्यावर मला सिलेक्ट (माहिती मागवण्याची आज्ञा) लिहिता येते. पण सभासद आणि देवघेव हे दोन तक्ते एकत्र घेतले की लाखो ओळी येतात. माझे काय चुकते? (लेखनिक, नाशिक)

उत्तर : तुम्ही दोन तक्त्यांची नावे दिलीत, पण ते कशावरून जुळवायचे हे सांगितले नाहीत. अट नसेल तर डेटाबेस पहिल्या तक्त्याच्या प्रत्येक ओळीशी दुसऱ्याच्या प्रत्येक ओळीची जोडी लावतो. सभासद ४०० आणि देवघेवीच्या नोंदी ३,००० असतील, तर उत्तर १२ लाख ओळींचे येणारच, आणि त्यांतल्या बहुतेक जोड्या निरर्थक असणार. तक्ते जोडणाऱ्या ‘जॉइन’मध्ये जुळवणीची अट ‘ऑन’नंतर आणि ओळी निवडण्याची अट ‘व्हेअर’नंतर लिहावी :

सिलेक्ट सभासद.नाव, देवघेव.दाखल_क्रमांक
फ्रॉम सभासद
जॉइन देवघेव ऑन देवघेव.सभासद_क्रमांक = सभासद.सभासद_क्रमांक
व्हेअर सभासद.गाव = 'वाई';

या आज्ञेत शोधण्याची कृती कुठेही सांगितलेली नाही, हे लक्षात घ्या. आधी वाईचे सभासद गोळा करावेत की आधी देवघेव चाळावी, हे डेटाबेस स्वतः ठरवतो. आपण हवे असलेल्या उत्तराचे वर्णन तेवढे करतो. ज्यांना इतर संगणकीय भाषांची सवय आहे त्यांना सुरुवातीला हेच जड जाते, कारण त्यांचा हात ‘एकेक ओळ घे आणि तपास’ असे लिहायला शिवशिवत असतो.

साध्या जॉइनमध्ये ज्यांची जुळणी झाली तेच उरतात, म्हणजे ज्या सभासदाने एकही पुस्तक नेले नाही तो उत्तरातून गळतो. वार्षिक सभेपुढे ‘२०२४ मध्ये कोणी किती पुस्तके नेली’ हा तक्ता ठेवायचा असेल, तर शून्य पुस्तके नेणारेही दिसले पाहिजेत. किंबहुना कार्यकारिणीला त्यांचीच नावे हवी असतात. त्यासाठी लेफ्ट जॉइन वापरावा, जो डावीकडच्या तक्त्यातल्या सर्व ओळी राखतो :

सिलेक्ट सभासद.सभासद_क्रमांक, सभासद.नाव, काउंट(देवघेव.नोंद_क्रमांक)
फ्रॉम सभासद
लेफ्ट जॉइन देवघेव
ऑन देवघेव.सभासद_क्रमांक = सभासद.सभासद_क्रमांक
अँड देवघेव.दिल्याची_तारीख बिट्वीन '२०२४-०१-०१' अँड '२०२४-१२-३१'
ग्रुप बाय सभासद.सभासद_क्रमांक, सभासद.नाव;

(अंक इथे मासिकाच्या छपाईप्रमाणे देवनागरीत आले आहेत, टंकताना वरच्या उत्तरातला इशारा आठवावा.) या उदाहरणात दोन बारकावे आहेत आणि दोन्हींवर अनुभवी माणसेही घसरतात. पहिला असा की तारखेची अट मी व्हेअरमध्ये न घालता ऑनमध्ये घातली आहे. ती व्हेअरमध्ये गेली असती तर ज्यांची देवघेवच नाही त्यांच्या रिकाम्या तारखा त्या अटीत बसल्या नसत्या, आणि लेफ्ट जॉइनने राखलेल्या ओळी पुढच्याच पायरीवर गळाल्या असत्या. दुसरा असा की मोजणी करणाऱ्या काउंटच्या कंसात तारांकन न घालता नोंद क्रमांक घातला आहे. तारांकन ओळी मोजते, त्यामुळे एकही पुस्तक न नेणाऱ्या सभासदाचीही राखलेली एक ओळ मोजली जाऊन त्याच्या नावापुढे एक पुस्तक दिसले असते.

आज्ञा ज्या क्रमाने लिहितो त्या क्रमाने तिचा अर्थ लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आधी फ्रॉम आणि जॉइन, मग व्हेअर, मग गट पाडणारे ग्रुप बाय, त्यानंतर गटांवरची अट म्हणजे हॅविंग, मग सिलेक्ट आणि शेवटी क्रम लावणारे ऑर्डर बाय. गट पडण्यापूर्वीच व्हेअर लागू होत असल्याने ‘दहापेक्षा जास्त पुस्तके नेणारे’ ही अट व्हेअरमध्ये चालत नाही. तिची जागा हॅविंगमध्ये आहे.

प्रश्न : अद्याप परत न आलेली पुस्तके शोधण्यासाठी मी ‘परतीची_तारीख = नल’ असे लिहिले. एकही ओळ आली नाही, चूकही दाखवली नाही. (ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामी अक्षरेही नव्हेत, ‘मूल्य माहीत नाही’ अशी ती खूण आहे. अज्ञात गोष्ट दुसऱ्या अज्ञात गोष्टीबरोबर आहे का, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर ‘सांगता येत नाही’ हेच असते. एसक्यूएलमध्ये अटीचे उत्तर खरे, खोटे किंवा अज्ञात असे तीन प्रकारचे असू शकते, आणि व्हेअर फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी पुढे सोडते. म्हणून ‘परतीची_तारीख इज नल’ असे लिहावे.

याच स्वभावामुळे ‘नॉट इन’ वापरताना सावध राहावे. एकदाही बाहेर न गेलेल्या प्रती शोधताना ‘दाखल_क्रमांक नॉट इन’ लिहून पुढे देवघेवीतल्या दाखल क्रमांकांची यादी दिली आणि त्या यादीत चुकून एक जरी नल असला, तरी उत्तर पूर्ण रिकामे येते, कारण आपला क्रमांक त्या अज्ञाताएवढा नाहीच अशी खात्री डेटाबेस देऊ शकत नाही. ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरले तर हा घोळ होत नाही. त्याहूनही चांगले म्हणजे देवघेवीतल्या दाखल क्रमांकाला तक्ता आखतानाच ‘नॉट नल’ अशी अट घालावी.

प्रश्न : ‘गोऱ्हे’ हे आडनाव शोधले की काही सभासद सापडतात आणि काही सापडत नाहीत. पडद्यावर सगळी नावे हुबेहूब सारखी दिसतात. डेटाबेस बिघडला आहे का? (वाचनालयाचे कार्यवाह, पुणे जिल्हा)

उत्तर : डेटाबेस ठीक आहे, दोष आपल्या लिपीच्या दोन वाटांचा आहे. मराठीतला अर्धचंद्रासारखा ‘र’, म्हणजे ‘कऱ्हाड’, ‘सुऱ्या’, ‘गोऱ्हे’ यांतला, युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) दोन प्रकारे टंकता येतो. एक प्रकार म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यानंतर हलन्त; दुसरा प्रकार म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. दोन्हींचे चित्र एकच उमटते, पण साठवलेली चिन्हे वेगळी असतात, आणि बरोबरीचे चिन्ह चित्राची तुलना करत नाही. कार्यालयातल्या संगणकावर एक कळफलक आणि फोनवर दुसरा असला की हा प्रकार हमखास घडतो. ‘ॲडव्होकेट’ची ‘ॲड.’ ही खूणही अशीच एका चिन्हाने किंवा ‘अ’वर चंद्र देऊन लिहिली जाते. युनिकोडचे जे ठरावीक प्रमाणीकरण असते त्यानेही ‘ऱ’चा हा भेद मिटत नाही, म्हणून नोंद साठवण्याआधीच एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचा नियम स्वतः लावावा आणि जुन्या नोंदी एकदा तशाच दुरुस्त कराव्यात :

अपडेट सभासद सेट नाव = रिप्लेस(नाव, जुने रूप, नवे रूप);

मराठी नावांच्या बाबतीत आणखी दोन अडचणी येतात. स्तंभाची लांबी आखताना ‘श्री’ हे आपल्याला एक अक्षर वाटले तरी डेटाबेस ती चार चिन्हे मोजतो : श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. म्हणून वीस अक्षरांच्या नावाला वीसची मर्यादा घालू नये. क्रमाची अडचण याहून सूक्ष्म आहे. युनिकोडच्या यादीत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर आहे. नुसत्या चिन्हांच्या क्रमाने लावलेली सूची त्यामुळे मराठी कोशासारखी लागत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मराठीचा क्रम निवडण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या याद्या तुमच्याकडे असतील, तर त्यांत मराठी अक्षरे नाहीतच, मराठी दिसणारी रोमन अक्षरे आहेत, आणि त्या आधी रूपांतरकातून काढल्याशिवाय डेटाबेसमध्ये घालण्यात काहीच अर्थ नाही.

प्रश्न : एका सभासदाची वर्गणी बदलताना सगळ्यांची बदलली गेली. परत आणता येईल का? (खजिनदार, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : बदल कायम झाला असेल आणि फाइलची जुनी प्रत नसेल, तर येणार नाही. तुम्ही व्हेअर लिहायला विसरलात, किंवा माझ्यासारखे केलेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दोन ओळींची अपडेट आज्ञा लिहिली, व्हेअर दुसऱ्या ओळीवर होते, आणि माउसने फक्त पहिली ओळ निवडून ती चालवली. पडद्यावर बदललेल्या ओळींचा चार आकडी आकडा आला तेव्हा पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. त्या दिवसापासून मी हाताने कोणताही बदल करताना आधी ‘बिगिन’ लिहितो, मग तीच अट घालून सिलेक्ट चालवून नेमक्या किती ओळी सापडतात ते पाहतो, त्यानंतर अपडेट चालवतो, आणि आकडा जुळला तरच ‘कमिट’ करतो, म्हणजे बदल कायम करतो. नाही जुळला तर ‘रोलबॅक’ म्हणताच सगळे पूर्ववत होते. बिगिनशिवाय दिलेली आज्ञा बहुतेक ठिकाणी चालल्याक्षणी कायम होते.

बिगिन ते कमिट या टप्प्याला ट्रॅन्झॅक्शन म्हणतात आणि त्याचा मुख्य उपयोग चुका परतवणे हा नाही. सभासद वर्गणी भरतो तेव्हा पावतीची नोंद आणि त्याच्या खात्यातली थकबाकी या दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतात. मध्येच वीज गेली तर पावती आहे पण थकबाकी तशीच, अशी स्थिती येता कामा नये. दोन्ही बदल एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये असले, तर एक तर दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. या विषयाचा पाया घालणारे जिम ग्रे यांना १९९८ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. बँकेच्या यंत्रातून पैसे काढताना आपण निर्धास्त असतो त्यात त्यांच्या कामाचा वाटा आहे. बॅकअपबद्दल एवढेच सांगतो की एसक्यूलाइटची फाइल वापरात असताना नुसती कॉपी केली तर प्रत बिघडलेली निघू शकते, म्हणून त्याची स्वतःची ‘बॅकअप’ ही आज्ञा वापरावी.

प्रश्न : आता मराठीत सांगितले तरी एआय एसक्यूएल लिहून देतो. मग शिकायचे कशाला? (बी.कॉम.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : जरूर लिहून घ्या, मीही घेतो. पण एक उदाहरण पाहा. एका सभासदाला वर्षात तीन वेळा दहा-दहा रुपये दंड झाला आणि त्याने पाच पुस्तके नेली. ‘प्रत्येक सभासदाचा एकूण दंड आणि एकूण पुस्तके दाखव’ असे सांगितल्यावर सभासद, दंड आणि देवघेव हे तिन्ही तक्ते सभासद क्रमांकावरून जोडणारी आज्ञा मिळाली, तर त्या सभासदाच्या पंधरा ओळी होतात, दंड तीसऐवजी दीडशे रुपये दिसतो आणि पुस्तके पाचऐवजी पंधरा. आज्ञा बिनतक्रार चालते, आकडे व्यवस्थित रकान्यात येतात आणि चुकीचे असतात. दंडाची बेरीज आणि पुस्तकांची मोजणी आधी वेगवेगळी करून मग जोडायला हवी होती. हे ओळखण्यासाठी जॉइन म्हणजे काय हे माहीत असावे लागते. आज्ञा पाठ असाव्या लागत नाहीत.

प्रश्न : ‘एसक्यूएल’ म्हणावे की ‘सीक्वेल’? मुलाखतीत हसे होऊ नये म्हणून विचारतो. (नोकरीच्या शोधातील वाचक, मुंबई)

उत्तर : दोन्ही चालतात. डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली ही भाषा मांडली तेव्हा तिचे नाव ‘सीक्वेल’ हेच होते. ती विमाने बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीची व्यापारखूण निघाल्याने स्वर गाळून ‘एसक्यूएल’ उरले, पण अनेकांच्या तोंडात जुना उच्चार राहिला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला लोक ‘सीक्वेल सर्व्हर’ म्हणतात; याउलट मायएसक्यूएल या डेटाबेसची माहितीपुस्तिका ‘माय एस क्यू एल’ हाच अधिकृत उच्चार सांगते आणि ‘माय सीक्वेल’ म्हटले तरी राग मानत नाही. मुलाखत घेणारा जो उच्चार करील तोच आपण करावा.